बोदवडचं घड्याळ, हर्नडनची वही

या घटनाक्रमातल्या वेळा बोदवडच्या, म्हणजे जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या, घड्याळाच्या आहेत. घटना, म्हणजे इंटरनेटवरची नावं हरवण्याची, घडली अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या हर्नडन गावी, आणि तिथल्या नोंदीत ती 17 जुलै 1997 च्या पहाटे अडीचची आहे. पहाटे अडीच म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, झोपेतच सगळं उरकलं, कुणाचं काय बिघडलं? पण उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. अडीचमध्ये साडेनऊ मिळवा, बरोबर दुपारचे बारा वाजतात. मुंबईत कचेऱ्या भरलेल्या, टोकियोत दुपारचे साडेतीन, लंडनला सकाळचे साडेसात. हा इतिहास ज्यांनी लिहिला त्यांची घड्याळं अमेरिकेची होती, म्हणून तो पहाटेचा झाला. आपल्यासाठी ती भर दुपार होती.

मी या भानगडीत पडलो त्याचं कारण घरगुती आहे. माझ्या मावसभावाचं बी-बियाण्यांचं दुकान. वेबसाइट करून देणाऱ्या पोराने तिचं डोमेन नाव स्वतःच्याच नावावर नोंदवलं होतं. पुढे तो पुण्याला गेला, फोन बदलला, मुदत संपली, नाव गेलं. दादा म्हणाला, "अरे, पण नाव तर माझंच आहे ना? पाटीवर आहे, पावतीबुकावर आहे." मी म्हटलं, "दादा, वावर तूच कसतोस, पण उताऱ्यावर कुणाचं नाव आहे?" मग त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. "तो उतारा ठेवतो कोण?" त्याचं उत्तर शोधत मागे मागे गेलो तो थेट हर्नडनपर्यंत.

चौदा वर्षं आधी

1983 पर्यंत नेटवर्कला जोडलेल्या सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलीत होती. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या एसआरआय या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा छोटासा चमू ती सांभाळायचा. कुणाला नवं यंत्र जोडायचं असलं की तिथे कळवायचं, त्यांनी फाइलीत नोंद करायची, आणि बाकीच्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. गावात पन्नास उंबरे असतात तोवर पोस्टमनला घर नंबर लागत नाही, तसला कारभार.

उंबरे वाढले तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये नवी रचना मांडली. ते आणि जॉन पोस्टेल दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मरीना डेल रे इथल्या संस्थेत कामाला होते. रचना पत्त्यासारखी. पत्र वाटणारा पत्ता खालून वर वाचतो, आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग नाव. तसं संगणकाने नाव उजवीकडून वाचायचं. सगळ्यांत वर 'रूट', त्याच्या हाती फक्त कॉम कुठे, नेट कुठे, इन कुठे एवढी यादी. कॉमच्या वहीत कॉमखालची नावं. पुढचं ज्याचं त्याने बघायचं.

आणि एकदा मिळालेलं उत्तर काही काळ लक्षात ठेवायचं, दर वेळी वर विचारायला जायचं नाही. ही सोय पुढे फार कामाला येते, म्हणून आमच्याकडचा दाखला देऊन ठेवतो. आमचा जिल्हा 1960 पर्यंत 'पूर्व खानदेश' होता, मग 'जळगाव' झाला. आमच्या घरी मात्र नंतरही कित्येक वर्षं 'मु. पो. बोदवड, जि. पूर्व खानदेश' अशी पत्रं यायची आणि बिनबोभाट पोचायची. वहीत नाव बदललं तरी लोकांच्या लक्षात जुनंच असतं, आणि कधीकधी त्या जुन्या आठवणीवरच कारभार तरून जातो.

आठ वर्षं आधी

8 मे 1989 ला भारताच्या वाट्याची '.in' ही वही मुंबईत आली. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनसीएसटीकडे. श्रीनिवासन रमणी तिथले संचालक. लिलाव नाही, निविदा नाही. पोस्टेल यांची रीत साधी होती: त्या देशातला जबाबदार, काम येणारा माणूस शोधायचा आणि वही त्याच्या हाती द्यायची. 1994 मध्ये त्यांनी ही रीत लिहून काढली, तेव्हा स्पष्ट बजावलं की या नावांवर हक्क कुणाचा, मालकी कुणाची, ही भाषा इथे गैरलागू आहे. बोलायचं ते जबाबदारीबद्दल आणि समाजाच्या सेवेबद्दल.

वाक्य देखणं आहे. पण ते लिहिलं जाईपर्यंत कॉमच्या वहीला किंमत आली होती.

बावीस महिने आधी

1 जानेवारी 1993 पासून कॉम, नेट आणि ऑर्ग या वह्यांचं काम अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने कराराने नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीला दिलं. नोंदणी फुकट, खर्च सरकारचा. 1995 मध्ये एसएआयसी या मोठ्या कंपनीने नेटवर्क सोल्युशन्स विकत घेतली. त्याच वर्षी 14 सप्टेंबरला फी लागू झाली: पहिल्या दोन वर्षांसाठी 100 डॉलर, पुढे वर्षाला 50. त्या काळच्या दराने 100 डॉलर म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या घरात. कराराने काम करणारा कारकून आणि खातेदार यांच्यातलं नातं त्या दिवशी बदललं. विचारणा सुरू झाली: ही वही सरकारची? कंपनीची? पोस्टेलची? की नावं नोंदवणाऱ्यांची?

'ज्याच्या हाती ससा तो पारधी' हे कंपनीचं उत्तर होतं, भाषा अर्थातच वकिली. 1997 च्या मार्चच्या सुमारास त्यांनी दहा लाखावं नाव नोंदवलं. त्याच मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या एका छोट्या कंपनीने त्यांच्यावर मक्तेदारीविरोधी दावा ठोकला.

अडीच महिने आधी

1 मे 1997. जिनेव्हाला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या छत्राखाली एक सामंजस्य करार झाला. पोस्टेल यांच्या बाजूची मंडळी त्यात होती. बेत असा की कॉमला स्पर्धा म्हणून सात नवी नावं आणायची, .firm, .web, .info वगैरे, आणि विकणारे अनेक ठेवायचे. वॉशिंग्टनला हे रुचलं नाही. नेटवर्क सोल्युशन्सला तर रुचणारच नव्हतं. सातांपैकी .info ने पुढे, 2001 मध्ये, जग पाहिलं, तेही वेगळ्याच वाटेने.

सोळा दिवस आधी

1 जुलै. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी वाणिज्य खात्याला आदेश दिला: नावांची ही व्यवस्था खासगी हातांत आणि स्पर्धेत सोपवा. म्हणजे आता सरकार, कंपनी, जिनेव्हावाले आणि पोस्टेल असे चार वाटेकरी एकाच बांधावर उभे. आपल्याकडे असल्या प्रसंगी मोजणी मागवतात. तिथे सूचना आणि हरकती मागवल्या.

सहा-सात दिवस आधी

आणि मग पाचवा आला. यूजीन काशपुरेफ, वॉशिंग्टन राज्यातला, अल्टरनिक नावाची स्वतःची पर्यायी वही चालवणारा. नावांचे पत्ते शोधणाऱ्या सर्व्हरची ती लक्षात ठेवायची सवय आठवते? त्याने तिलाच हात घातला. त्या काळचं सॉफ्टवेअर भोळं होतं. सर्व्हरने विचारावं एक, आणि उत्तर देणाऱ्याने न विचारलेली दुसरीच गोष्ट सोबत सांगावी, तर तीही ते खरी मानून लक्षात ठेवायचं. काशपुरेफने हीच फट वापरून जगभरच्या सर्व्हरांच्या कानात घातलं की नेटवर्क सोल्युशन्सच्या नोंदणी कचेरीचा पत्ता म्हणजे माझा पत्ता. लोक नोंदणी करायला जायचे इंटरनिककडे, म्हणजे त्या कचेरीकडे, आणि पोचायचे अल्टरनिककडे. तिथे त्याने मक्तेदारीविरुद्धचा निषेध लिहून ठेवला होता. 14 जुलैला त्याने पहिला फेरा आटोपला. त्याच महिन्यात पुन्हा एकदा केला. 31 ऑक्टोबरला टोरांटोत पकडला गेला, आणि पुढच्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला.

मला काशपुरेफची बाजू घ्यायची नाही. एवढंच सांगायचंय की 14 जुलैनंतर ज्याला त्याला बाहेरचा चोर दिसत होता.

12 तास आधी: बोदवडला मध्यरात्र

हर्नडनला 16 जुलैची दुपार, अडीच. बोदवडच्या एसटीडी बूथवर रात्री उशिरा पाव दरात बोलणाऱ्यांची रांगही आता पांगलेली. स्टेशनावरून भुसावळकडच्या आणि मलकापूरकडच्या गाड्या जाताहेत. आषाढी नुकतीच झालेली, मुक्ताईची पालखी अजून घरी परतायची आहे.

इंटरनेट बोदवडला नाही. जनतेला ते देशात मिळू लागलं 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगमाकडून, मुंबई आणि इतर महानगरांपासून सुरुवात करून. आमच्या गावाला तर स्वतःचा तालुकाही नव्हता, तो 1999 मध्ये झाला. तेव्हा या आपत्तीत बोदवडचं काहीही बुडालं नाही, हे आताच सांगून टाकतो. इथून मी घेतलंय ते फक्त घड्याळ.

3 तास आधी: सकाळी 9

हर्नडनला रात्रीचे साडेअकरा. आमच्याकडे कपाशीच्या निंदणीचे दिवस. जुहूला, फोर्टात, नरीमन पॉइंटला माणसं कामावर निघालीत. मरीना डेल रेला अजून 16 जुलैच आहे, रात्रीचे साडेआठ.

1 तास आधी: सकाळी 11

इथे थोडं थांबायला हवं, कारण यापुढे जे झालं ते हातघाईचं नव्हे, रोजच्या रहाटाचं होतं.

नोंदणीचे अर्ज दिवसभर येत. नवी नावं, बदललेले पत्ते, रद्द झालेल्या नोंदी, सगळं एका मोठ्या डेटाबेसमध्ये जाई. इंग्रेस नावाचा डेटाबेस. हे झालं फेरफाराचं रजिस्टर. जगाला मात्र ते दिसत नाही. जगाला दिसतो त्यातून तयार होणारा उतारा, त्याला 'झोन फाइल' म्हणतात. कॉमखालचं एकूण एक नाव आणि त्यापुढे त्याचा ठावठिकाणा. यंत्रच डेटाबेसमधून ती फाइल काढतं, तपासतं, मग ती हर्नडनच्या मुख्य सर्व्हरवर चढते आणि तिथून जगात ठिकठिकाणी असलेल्या जोडीदार सर्व्हरांवर तिची नक्कल जाते. ते जोडीदार काही तपासत नाहीत. मुख्य प्रत आली, जुनी काढली, नवी लावली.

म्हणजे संपूर्ण साखळीत तपासणीची जागा एकच: फाइल तयार झाल्यावर आणि बाहेर पडण्याआधी. आपल्याकडे तलाठ्याने फेरफार नोंदवला तरी मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करेपर्यंत सातबारा बदलत नाही. कितीही कटकटीची वाटो, त्या सहीत शहाणपण आहे. हर्नडनला ती सही यंत्र करायचं, आणि शंका आली की भोंगा वाजवायचं.

त्या रात्री इंग्रेस डेटाबेस बिघडला. यंत्राने त्यातून कॉम आणि नेट या दोन्हींचे उतारे काढले, ते खराब निघाले.

तपासणीने ते ओळखलं. भोंगा वाजला.

ही ओळ मी मुद्दाम एकटी ठेवलीय. या आपत्तीत यंत्र चुकलं आणि यंत्रानेच चूक पकडलीही. काशपुरेफ नव्हता, जिनेव्हा नव्हतं, क्लिंटन नव्हते. बिघाड होता, इशारा होता, आणि रात्रपाळीला एक माणूस होता.

दुपारी 12

हर्नडनला पहाटे अडीच. रात्रपाळीच्या त्या व्यवस्थापकाने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं. फाइल पुन्हा तयार केली नाही, ती धड आहे का हे पाहिलं नाही, आणि सोडून दिली. कंपनीने नंतर स्वतःच हे निवेदनात सांगितलं. त्याचं नाव इतिहासात नाही, नसलेलंच बरं. पहाटे अडीचला वाजणाऱ्या भोंग्याचं माणूस काय करतो हे ज्याने जिनिंगमध्ये किंवा सबस्टेशनवर रात्रपाळी केलीय त्याला विचारा. रोज उगाच वाजणारा भोंगा असेल तर माणूस आधी भोंगाच बंद करतो.

मुख्य सर्व्हरने खराब फाइल घेतली. जोडीदारांनी नक्कल घेतली.

दुपारी 12 ते 4

आता जे झालं त्यातला बारकावा बातम्यांत हरवला. इंटरनेट 'बंद पडलं' असं लिहिलं गेलं. तारा शाबूत होत्या. यंत्रं चालू होती. ज्याला समोरच्या यंत्राचा आकड्यातला पत्ता पाठ होता तो तिथे सरळ पोचू शकत होता. हरवली होती ती नावं.

पोस्टात पत्र दोन प्रकारे अडतं. एक, पोस्टमन म्हणतो, घर बंद आहे, उद्या पुन्हा येतो. दुसरं, शेरा मारतो की या नावाचा इसम इथे राहत नाही, आणि पत्र परत. सर्व्हर बंद पडला असता तर पहिला प्रकार झाला असता. पाठवणाऱ्या यंत्रांनी ईमेल राखून ठेवली असती, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न केला असता, चार तासांनी सगळं आपोआप पोचलं असतं. पण सर्व्हर तर ठणठणीत होते! ते अगदी अधिकृतपणे सांगत होते, असं नावच अस्तित्वात नाही. तेव्हा पाठवणाऱ्या यंत्रांनी शेरा मारला आणि ईमेल पाठवणाऱ्याकडे परत फेकली. मुका राखणदार परवडतो. ठासून खोटं बोलणारा भारी पडतो.

दुसरा बारकावा आठवणीचा. कॉमच्या नोंदी ठिकठिकाणचे सर्व्हर साधारण दोन दिवस लक्षात ठेवत. त्यामुळे ज्या नावांची मागणी जास्त, ती त्या दुपारीही चालत राहण्याची शक्यता जास्त: कुणीतरी काल-परवा विचारलेलं असे, तेच जुनं उत्तर आजही दिलं जाई. पूर्व खानदेशची पत्रं. मेली ती छोटी नावं, ज्यांना दिवसातून एखाददोन गिऱ्हाइकं. दादाच्या दुकानासारखी.

मुंबईत त्या दुपारी एक गंमत होती, आणि ती जुहूमुळे होती. विदेश संचार निगमाच्या ग्राहकांचे ईमेल पत्ते vsnl.net.in वर संपायचे. त्यात 'net' दिसतं, पण ते नेटच्या वहीतलं नव्हे. उजवीकडून वाचा, शेवट .in आहे. ती वही हर्नडनला नव्हतीच. खराब झाल्या त्या कॉम आणि नेटच्या वह्या, इनची शाबूत. मुंबईच्या माणसाने पुण्याच्या माणसाला vsnl.net.in वर ईमेल धाडली तर ती सुखरूप जायची, आणि त्याच माणसाने हॉटमेल डॉट कॉमवर धाडली तर नशिबावर हवाला. सबीर भाटियांचं हॉटमेल तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं.

जुहूच्या वहीची फार आरती ओवाळू नये, हेही लागलीच सांगतो. 2004 अखेरपर्यंत तिथल्या काटेकोर नियमांमुळे .in खाली सुमारे 7,000 नावंच नोंदली गेली. नेटवर्क सोल्युशन्सच्या वहीत 1997 मध्येच दहा लाख. कमी खातेदार असले की दप्तर नीटनेटकं राहतं, त्यात मोठं कौतुक नाही. आपली माणसं नाव घ्यायला कॉमकडे धावली ती काही उगाच नव्हे. पण त्या एका गुरुवारी दुपारी वही वेगळ्या घरात असण्याचा अर्थ समजला असता, कुणी पाहिलं असतं तर.

दुपारी 4

हर्नडनला सकाळचे साडेसहा. चूक दुरुस्त झाली, नवी फाइल सोडली गेली. निवेदनात हे चार तास फार मोठे दिसत नाहीत. अमेरिकेचा पूर्व किनारा आता कुठे चहा-कॉफी घेत होता. कॅलिफोर्नियात पहाटेचे साडेतीन होते. आशिया आणि युरोपचा मात्र कामाच्या दिवसाचा मोठा तुकडा खाल्ला गेला होता. दुरुस्तीनंतरही चांगली प्रत सगळीकडे पोचायला वेळ लागला. काही ठिकाणी दिवसभर नावं अडखळत राहिली. गेलेल्या ईमेल गेल्याच.

त्यानंतर

वाटलं असतं, आता चार वाटेकरी भांडण बाजूला ठेवून भोंग्याबद्दल बोलतील. ते झालं नाही. दोनच महिन्यांनी नेटवर्क सोल्युशन्स शेअर बाजारात उतरली. भांडण मालकीचंच चालू राहिलं, आणि सहा महिन्यांनी त्याने टोक गाठलं.

28 जानेवारी 1998, बुधवार. पोस्टेल यांनी रूट सर्व्हर सांभाळणाऱ्यांना ईमेल लिहिली: यापुढे रूटची यादी हर्नडनहून घेऊ नका, माझ्या इथून घ्या. रूट सर्व्हर एकूण तेरा. हर्नडनचा मुख्य सोडून उरलेल्या बारांपैकी आठांनी ऐकलं. त्यात मेरिलँड विद्यापीठ होतं, एक रूट सर्व्हर सांभाळणारे पॉल व्हिक्सी होते, स्टॉकहोम, लंडन आणि टोकियोचे सर्व्हर होते. नासाचे, लष्कराचे आणि कंपनीचे सर्व्हर हर्नडनकडेच राहिले. क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर तेव्हा दावोसला होते. तिथून फोन गेले. पोस्टेल म्हणाले, ही चाचणी होती. आठवड्याच्या आत सगळं होतं तसं झालं.

या प्रसंगावरचा वाद अजून मिटलेला नाही. एक पक्ष म्हणतो, वही सुरळीत हलवता येते का याची ती खरोखर चाचणी होती, आणि पोस्टेल यांना तो अधिकार होता. रीत त्यांचीच, विश्वास त्यांच्यावरच. दुसरा म्हणतो, चाचणी कसली, सरकारच्या प्रस्तावाला दोन दिवस उरले असताना केलेला शक्तिप्रदर्शनाचा डाव होता. 30 जानेवारीला तो प्रस्ताव प्रसिद्ध झालाच. माझं मत विचाराल तर दोन्ही खरं आहे. चाचणी घ्यायलाही मुहूर्त लागतो, आणि त्यांनी निवडलेला मुहूर्त निरागस नव्हता. मात्र ज्यांनी ऐकलं त्यांनी कायद्याचं कलम पाहून ऐकलं नाही, माणूस पाहून ऐकलं, आणि तोच पोस्टेल यांचा खरा सातबारा होता.

पण हिशेब बघा. त्या आठवड्यात दोन्हीकडच्या याद्या एकसारख्याच होत्या. जगात कुणाचं एक नाव हललं नाही, एक ईमेल परत आली नाही. तरी या न घडलेल्या आपत्तीवर पुस्तकांत प्रकरणंच्या प्रकरणं आहेत, आणि 17 जुलैच्या घडलेल्या आपत्तीला दोन ओळी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पुढचं भरभर सांगतो. 30 सप्टेंबर 1998 ला आयकॅन ही संस्था स्थापन झाली. पोस्टेल 16 ऑक्टोबरला, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर गेले. 1999 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफ डॉट कॉम विरुद्ध 'रॅडिफ' या दाव्यात म्हटलं की डोमेन नाव म्हणजे नुसता इंटरनेटचा पत्ता नव्हे, व्यापारचिन्हाइतकंच संरक्षण त्याला मिळालं पाहिजे. ज्या वर्षी बोदवडला तालुका म्हणून नाव मिळालं त्याच वर्षी नावाला किंमत असते हे मुंबईच्या कोर्टाने मान्य केलं, हा निव्वळ योगायोग, पण मला आवडतो. 2000 मध्ये व्हेरिसाइनने नेटवर्क सोल्युशन्स विकत घेतली. कॉमची वही आजही व्हेरिसाइनकडेच आहे, हर्नडनला लागून असलेल्या रेस्टनला. 2005 च्या सुरुवातीपासून .in सगळ्यांना खुलं झालं. ती वही आता जुहूला नाही, निक्सी या संस्थेकडे आहे. 27 ऑगस्ट 2014 पासून '.भारत' देवनागरीत मिळतं, मराठीतही. रूटवरची अमेरिकी सरकारची कराराची दोरी 2016 मध्ये सुटली.

बोदवडला आज कृषी केंद्रांना, पतपेढ्यांना, शाळांना, जिनिंगवाल्यांना वेबसाइट आहेत. त्या सगळ्यांना एक विनंती. ज्याने वेबसाइट करून दिली त्याच्याकडून आजच तीन गोष्टी लिहून घ्या: नोंदीत मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे, कुणाचा ईमेल आहे आणि मुदत कधी संपते. पहिल्या दोन्ही गोष्टी तुमच्याच नसतील तर पोरगा गावात आहे तोवर बदलून घ्या.

दादाचं जुनं नाव परत मिळालं नाही. आता तो .in वर आहे, स्वतःच्या नावावर, आणि मुदतीची तारीख गल्ल्यावरच्या कालनिर्णयात लाल पेनने लिहिलेली आहे.